चितऱ्याच्या पोटातलं मला ठाऊक होतं

मी एक जुना थंडा डबा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर थकलो आहे. सध्या बालाघाटमधल्या जनावरांच्या एका दवाखान्यात, मागच्या खोलीत, लोखंडी कपाटावर मला ठेवलं आहे. खिडकीतून रस्ता दिसतो. गोंदियाकडे जाणाऱ्या बस दिसतात. पूर्वी त्या रस्त्याने मीही पुष्कळ फिरलो, पण ते आठवलं की आता माझी शिवण दुखते.

माझा रंग निळा होता. आता त्याला निळा म्हणतात ते सवयीने. माझ्या भिंती जाड फेसाच्या आहेत. आत चार बाजूंना बर्फाच्या चार चपट्या बाटल्या बसतात, त्यांच्यावर स्पंजाची गादी, गादीवर झाकण, झाकणाला दोन कड्या आणि खांद्यावर अडकवायला एक पट्टा. आत जे ठेवाल त्याला बाहेरचं ऊन लागू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? मे महिन्यात बैहरच्या घाटात जीपच्या टपावर बसून करून पाहा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यात प्लास्टिक ओतलं, भिंतींच्या मध्ये फेस फुगवला आणि मी बाहेर पडलो. त्याच दिवशी माझी शेकडो भावंडं जन्मली. त्यांतलं एकही पुढे मला भेटलं नाही. मी रेल्वेने, मग ट्रकने, मग एका हातगाडीवरून बालाघाटला आलो आणि पुष्पलताबाई नावाच्या नर्सच्या खांद्यावर चढलो.

ते माझे चांगले दिवस होते. माझ्या पोटात पोलिओची लस असे. आम्ही बैहरच्या पाड्यांवर जात असू, किरनापुरच्या बाजारात जात असू, नाल्यातून पाणी तुडवत जात असू. बाया मला पाहून लेकरांना पुढे करायच्या. संध्याकाळी परत आल्यावर पुष्पलताबाई मला आतून कोरडं पुसायच्या आणि झाकण उघडं ठेवून सावलीत सोडायच्या. "बारा वर्षं झाली, पण यानं कधी दगा नाही दिला," असं त्या साहेबांना सांगायच्या. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आता त्याचं हसू येतं.

पुष्पलताबाई निवृत्त झाल्या. माझी एक कडी तुटली. नवे डबे आले आणि मला जनावरांच्या दवाखान्याला देऊन टाकलं. तिथे काही दिवस कोंबड्यांच्या मानमोडीची लस वाहिली. नंतर तेही संपलं. दवाखान्यात खेमराज नावाचा पट्टीबंधक आहे, म्हणजे जनावरांच्या जखमा बांधणारा. माणूस मनाने चांगला, पण वस्तूंची कदर शून्य. त्याने माझ्यात वर्षभर कांदे ठेवले. कांद्याचा वास अंगात मुरला की जन्मात जात नाही, मित्रांनो. ज्याने लेकरांची लस वाहिली त्याच्या वाट्याला हे यावं, असं मनात येऊन मी कित्येक दिवस कुढत बसलो.

मग श्रुतिका आली.

श्रुतिका बालाघाटचीच मुलगी, जनावरांची डॉक्टर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. ती मोठ्या शहरात शिकून परत आली होती आणि तिला एक संशोधन करायचं होतं. तिने कांदे ओतून दिले, मला साबणाने तीनदा धुतलं, तुटक्या कडीच्या जागी तार बांधली आणि माझा पट्टा खांद्यावर घेतला. माझा ऊर भरून आला. मला वाटलं, पुन्हा लस. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात काय ठेवलं, ठाऊक आहे? कुत्र्यांची विष्ठा. मी पुस्तकातला शब्द वापरतो आहे. गावात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेल. गावोगावी लोक श्रुतिकाला बघून हसायचे. "ते पाह्य, कुत्र्याचा गू जमा करणारी बाई आली," असं बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या.

पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूहळू, तिचं खेमराजशी चालणारं बोलणं ऐकून, मला थोडं समजायला लागलं.

मित्रांनो, प्रत्येक कुत्र्याच्या आतड्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंची मोठी वस्ती असते. तुमच्याही असते, नाक मुरडू नका. त्यातले काही जीवाणू अन्न पचवायला मदत करतात, काही रोगाला आत शिरू देत नाहीत, आणि काही मात्र संधी मिळाली की त्रास देतात. कुत्रा जे खातो त्यावर ही वस्ती पोसते. जेवण बदललं की वस्ती बदलते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं जेवण एकाएकी बदललं तर ती कोलमडतेही. शहरातल्या कुत्र्यांवर असा अभ्यास पुष्कळ झाला होता. आपल्याकडची गावातली कुत्री, जी घरचंच खातात, त्यांच्या पोटात कोण राहतं, हे श्रुतिकाला पाहायचं होतं. त्यासाठी तिने शेहेचाळीस घरं निवडली. प्रत्येक घरात एक वही दिली. कुत्र्याने सकाळी काय खाल्लं, संध्याकाळी काय खाल्लं, ते सात दिवस लिहायचं. आठव्या दिवशी नमुना घ्यायचा, माझ्यात ठेवायचा आणि थंडच्या थंड बालाघाटला आणायचा. तिथून तो मोठ्या प्रयोगशाळेत जाई.

राजेगावात रुख्माबाईंचं घर होतं. अगदी रस्त्याच्या कडेला, जिथून पुढे नदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. रुख्माबाई साठीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन गोंदियाकडे गेलेली. घरात त्या आणि त्यांचा कुत्रा, चितऱ्या. अंगावर काळे-पांढरे ठिपके, एक कान फाटलेला, वय नऊ वर्षं. तो कुणावर भुंकत नसे. रुख्माबाई अंगणात गेल्या की अंगणात, चुलीपाशी बसल्या की चुलीपाशी.

आता जे घडलं ते नीट ऐका. वह्या वाटल्या त्या दिवशी मी रुख्माबाईंच्या शेजारी राहणाऱ्या लीलाबाईंच्या ओसरीवर ठेवलेला होतो. श्रुतिका पुढच्या घरी गेली होती. लीलाबाई आठवी शिकलेल्या, म्हणून चार बायका त्यांच्याकडे वही समजून घ्यायला आल्या होत्या. रुख्माबाईही होत्या.

"शयरात मशीन हाय," लीलाबाई म्हणाल्या. "कुत्र्याचं त्याच्यात टाकते, न् सांगते का या घरी काय शिजते. समदं दिसते त्याच्यात."

"समदं?" एकीने विचारलं.

"समदं. कोण शिळं देते, कोण ताजं देते. मंग ते कागदावर येन. बाहेरगावचे सायब पाहातीन. राजेगावच्या बाया कुत्र्याले शिळं खाऊ घालते म्हनून नाव निंघन."

झालं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बोलावून आणलेल्या पाहुण्यासमोर जसं ताट सजवतात, तसं वहीत कुत्र्याचं ताट सजवलं गेलं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. घराची इज्जत झाकायची, एवढंच. रुख्माबाईंना लिहिता येत नसे. त्यांनी सांगितलं आणि लीलाबाईंनी लिहिलं: सकाळी तूप लावलेली पोळी आणि एक अंडं, संध्याकाळी पुन्हा तूप-पोळी. सातही दिवस तेच.

आठव्या दिवशी रुख्माबाईंनी चितऱ्याच्या मागे फिरून, पळसाच्या पानावर घेऊन, नमुना आणून दिला. तो माझ्यात आला. माझ्या पोटात जे येतं त्याचा वास मला कळतो, मित्रांनो. त्यात तुपाचा मागमूस नव्हता. आंबूस भाताचा वास होता. राजेगावच्या बहुतेक नमुन्यांना तोच वास होता. पण डब्याला कोण विचारतं?

दीड महिन्याने प्रयोगशाळेतून कागद आले. त्या दिवशी श्रुतिका नाचायचीच बाकी होती. शेहेचाळीस कुत्र्यांत चितऱ्याच्या पोटातली वस्ती सगळ्यात चांगली निघाली. नाना प्रकारचे जीवाणू, सगळे आपापल्या कामाला लागलेले. नऊ वर्षांच्या कुत्र्याचं पोट जवान कुत्र्यासारखं.

"म्याडम, ये तो अंडे का कमाल हाय," खेमराज म्हणाला.

श्रुतिकाने वही पुन्हा वाचली. पोळी, तूप, अंडं. तिने ठरवलं, आधी चितऱ्यालाच सहा आठवडे डोळ्यांसमोर हेच जेवण द्यायचं आणि दर पंधरा दिवसांनी तपासायचं. तसंच निघालं तर पुढे बारा हडकुळ्या कुत्र्यांना तेच सुरू करायचं. तिने कणीक, तूप आणि अंडी घेतली आणि आम्ही राजेगावला गेलो.

"आजी, तुमचा चितऱ्या पहिला आला," ती ओसरीवर बसत म्हणाली. "आता तुम्ही देता तेच द्यायचं. एक दिवस पण गॅप नको. सामान खेमराजभाऊ दर हप्त्याला आणून देतील."

रुख्माबाईंनी अंड्यांच्या टोपलीकडे पाहिलं, मग चितऱ्याकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलतील असं मला वाटलं. लीलाबाई कुंपणापाशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"हौ," रुख्माबाई म्हणाल्या. "देईन."

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा चितऱ्याला हगवण लागली होती. श्रुतिकाने औषध दिलं. आणखी पंधरा दिवसांनी त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. नमुना कसला, नुसतं पाणी. रुख्माबाई नियमाने पोळीला तूप लावत होत्या, अंडं उकडून कुस्करत होत्या, कारण दिलेला शब्द त्या पाळणाऱ्या होत्या. नऊ वर्षं ज्याच्या पोटाने तूप पाहिलं नव्हतं, तो बिचारा त्यांच्या हातचं म्हणून खात होता. औषधाने दोन दिवस बरं वाटायचं की पुन्हा सुरू.

श्रुतिका रात्रंदिवस विचार करत होती. तेच जेवण, तोच कुत्रा; मग असं का? दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने खेमराजला विचारलं, तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "म्याडम, ये डब्बा कंडम हाय. झाकनाले तार बांधली हाय. थंडी टिकत नसन. पहिला नमुना रस्त्यातच खराब झाला असन, म्हनून मशीनने उलटसुलट सांगतलं."

श्रुतिकाने माझी तार हलवून पाहिली. "हो सकता है," ती म्हणाली. "नवा मागवते."

मला किती लागलं ते मी सांगत नाही. बैहरचे घाट काढले, उन्हाळे काढले, कांदे काढले, आणि आता माणसांचं खोटं माझ्या झाकणावर. पण माझ्या अपमानाचं काही मोठं नव्हतं. तिकडे एक कुत्रा मरायला टेकला होता आणि त्याला कशाने बरं वाटेल हे मला ठाऊक होतं. तोंड नसण्याचा मला एवढा वैताग कधीच आला नव्हता.

नवा डबा वेळेवर आला नाही, म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा मलाच नेलं. चैत्र लागला होता. डांबर मऊ झालं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा चितऱ्या ओसरीच्या कोपऱ्यात पडून होता. त्याने शेपूट हलवायचा प्रयत्न केला, पण ती जमिनीवरून उचलली नाही. श्रुतिकाने त्याला सलाईन लावलं, नमुना घेऊन माझ्यात ठेवला. मग सलाईन संपल्यावर, लीलाबाईंच्या कुत्र्यालाही एकदा पाहून येऊ म्हणून ती आणि खेमराज शेजारी गेले. मी ओसरीवर राहिलो.

दुपार झाली होती. रुख्माबाई आतून जर्मनचा गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. गंजात पेज होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी तो आंबूस होतो, त्यात मीठ घालायचं. या भागात ती घराघरात पितात. रुख्माबाईंनी पहिला घोट घेतला आणि चितऱ्याने डोळे उघडले.

तो उठला नाही. पुढच्या पायांवर अंग ओढत, थांबत, पुन्हा ओढत तो त्यांच्यापर्यंत आला. त्याने हनुवटी गंजाच्या काठावर ठेवली.

"सरक," रुख्माबाई म्हणाल्या. "तुह्यावालं अंडं तिकडं हाय. तुले हे नाही देता येत. बाईनं सांगतलं, एक दिस बी चुकवू नोको."

चितऱ्या सरकला नाही. रुख्माबाईंनी त्याला हाताने दूर केलं. तो पुन्हा आला. मग त्यांनी गंज खाली ठेवला आणि तोंडावर पदर घेतला. थोड्या वेळाने त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काय पाहून राह्यला?" त्या मला म्हणाल्या. मला, मित्रांनो! "म्याच खोटं सांगतलं. लीलानं लिवलं, पन सांगतलं म्याच. यानं जन्मात कधी अंडं नाही पाह्यलं. हे पेजच पेते. आता माह्या खोट्यापायी मरते का काय."

त्यांनी गंज चितऱ्यापुढे सरकवला. चितऱ्या पडल्या पडल्या चाटू लागला. हळूहळू, डोळे मिटून.

शेजारून श्रुतिकाचा आवाज आला, ती निरोप घेत होती. रुख्माबाई घाईने उठल्या. त्यांना श्रुतिकासमोर तोंड उघडायचं नव्हतं, किंवा उघडायचं होतं आणि धीर होत नव्हता. त्या आत गेल्या, एका छोट्या स्टीलच्या डबीत पेज भरली, झाकण फडक्याने घट्ट बांधलं आणि ती डबी माझ्यात, नमुन्याच्या बाजूला, बर्फाला लावून ठेवली. वर स्पंजाची गादी घातली आणि झाकण लावलं. आयुष्यात माझ्यात लाखमोलाच्या लसी ठेवल्या गेल्या, पण इतक्या सांभाळून मला काही दिलेलं आठवत नाही.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी जीव काढून थंडी धरली. किरनापुरच्या फाट्यावर मोटारसायकल पंक्चर झाली. तास-दीड तास उन्हात गेला. खेमराज माझ्यावर बसून बिडी ओढत होता. मी सगळं सहन केलं. ती डबी गरम होऊ द्यायची नाही, एवढं एकच मी धरून होतो.

बालाघाटला आल्यावर श्रुतिकाने झाकण उघडलं, गादी काढली आणि थबकली.

"ये किसका टिफिन है?" खेमराज म्हणाला.

श्रुतिकाने फडकं सोडलं. डबी बाहेर काढताना तिला हाताला थंडगार लागली. तिने वास घेतला. मग टेबलावरची वही ओढली, प्रयोगशाळेचे कागद ओढले, आणि एकदा डबीकडे, एकदा कागदाकडे, असं पाहत राहिली. तिची आजी किरनापुरची. हा वास ओळखायला तिला मशीन लागणार नव्हतं.

"खेमराजभाऊ," ती म्हणाली, "डब्बा ठीक आहे. वही गलत आहे."

माझ्यावरचा आळ गेला तेव्हा मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण फार वेळ नाही. कारण श्रुतिकाने राजेगावच्या सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या आणि पानामागून पान पाहत गेली. तूप-पोळी, अंडं, दूध-भात, तूप-पोळी. मग किरनापुरच्या वह्या काढल्या. त्यांतही तेच. तिने कपाळ टेबलावर टेकलं. एक वर्षाचं काम पाण्यात गेलं होतं. आणि त्या कागदांवर विसंबून तिने एक चांगला कुत्रा मरणाच्या दारात नेला होता. ती रडली. खेमराज बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही राजेगावात होतो. मोटारसायकल पाहून रुख्माबाई आत गेल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या. श्रुतिकाने त्यांना हाक मारली नाही. ती ओसरीवर मांडी घालून बसली.

"आजी," ती म्हणाली, "पेज आहे का? मले भूक लागली."

आतून गंजाचा आवाज आला. रुख्माबाई वाटी घेऊन आल्या, पण त्यांची नजर जमिनीवर होती. श्रुतिकाने वाटी घेतली आणि एका दमात रिकामी केली.

"माझी आजी बी हेच द्यायची," ती म्हणाली. "कॉलेजात मी कुणाले सांगितलं नाही कधी. शरम वाटायची."

रुख्माबाई खाली बसल्या. "काहून?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाले काहून वाटली?"

श्रुतिकाने रिकामी वाटी पुढे केली आणि रुख्माबाईंनी ती पुन्हा भरली. त्या दिवसापासून चितऱ्याचं तूप-अंडं बंद झालं. आधी नुसतं पेजेचं पाणी, मग थोडी थोडी शितं.

पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्यातला फोन वाजला. श्रुतिकाने तो उचलला आणि कानापासून लांब धरला, एवढा मोठा आवाज होता.

"बाई!" रुख्माबाई ओरडत होत्या. "घट्ट झालं! चितऱ्याचं घट्ट झालं वं बाई!"

रांगेत गाई-बकऱ्या घेऊन उभे असलेले लोक चकित होऊन पाहत होते. श्रुतिका हसत होती आणि डोळे पुसत होती. जगात कुठल्याही डॉक्टरला यापेक्षा गोड निरोप मिळाला नसेल, मित्रांनो, मग ऐकायला कसाही वाटो.

मग सगळं पहिल्यापासून सुरू झालं. शेहेचाळीस घरं, शेहेचाळीस वह्या. यावेळी श्रुतिका वही ठेवून निघून येत नसे. ती बसायची. घरात जे असेल ते मागून खायची, आणि मगच विचारायची. बायका हळूहळू खरं सांगू लागल्या. लीलाबाई तर इतकं खरं सांगू लागल्या की त्यांना थांबवावं लागलं. नवा डबा आला होता, लालभडक, चकचकीत. पण राजेगावला श्रुतिका मलाच नेत असे. मला ते नको होतं, असं म्हणवत नाही. पण प्रत्येक खेपेला माझी तार सैल होत होती आणि बर्फ लवकर वितळत होता, हे मला कळत होतं.

माझी शेवटची खेप रुख्माबाईंच्याच घरची. चितऱ्या अंगणात उभा होता. अजून रोडच, पण चार पायांवर उभा. श्रुतिकाने वही उघडली. रुख्माबाईंनी सांगितलं, "सकाळी पेज, संध्याकाळी पेज, कधी वरनाचं पानी." श्रुतिकाने लिहिलं. मग रुख्माबाई आत गेल्या आणि एक टोपली घेऊन आल्या. टोपलीत अंडी होती. बाजूला तुपाची बरणी आणि कणकेची पिशवी.

"हे घेऊन जा बाई," त्या म्हणाल्या. "चितऱ्याचं बंद केलं त्या दिवशीपासून तसंच ठेवलं हाय."

श्रुतिकाने एक अंडं उचलून हलवलं. ते आत डुचमळलं. सगळी अंडी खराब झाली होती.

"आजी, तुम्ही का नाही खाल्ले?"

"ते कुत्र्याचे होते ना, बाई."

"आणि तुम्ही रोज काय खाता?"

रुख्माबाईंना प्रश्नच समजला नाही. "चितऱ्या खाते तेच," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी काय शिजवाचं? रातच्याले मूठभर भात टाकते, सकाळी त्याले अर्धी, मले अर्धी."

श्रुतिकाचं पेन थांबलं. सहा आठवडे तिने या घरात अंडी पाठवली होती, त्याचा सगळा हिशेब तिच्या कागदांत होता, आणि ती उकडून कुस्करणारी बाई शेजारी बसून पेज पीत होती, हे कुठेच नव्हतं. तिने वहीच्या पानावर पट्टीशिवाय, हातानेच, एक वाकडी रेघ मारून नवा रकाना पाडला. त्यावर लिहिलं: वाढणाऱ्याने काय खाल्लं. मग ती उठली, खेमराजला रस्त्यापलीकडच्या दुकानातून ताजी अंडी आणायला पाठवलं आणि पदर खोचून चुलीपुढे बसली. रुख्माबाई "नोको वं बाई, नोको" म्हणत राहिल्या. त्या दिवशी त्या घरात तिघांनी अंडी खाल्ली. चितऱ्याला पेज मिळाली आणि तो खूष होता.

परतताना एका नाल्याच्या पुलावर माझी तार तुटली. झाकण उडालं, नमुना खेमराजने वेळेवर धरला. तेव्हापासून मी या कपाटावर आहे. माझ्यात आता काही ठेवत नाहीत, कांदेसुद्धा नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल, मांजर असेल. त्याच्या ताटलीत काय पडतं ते जरूर पाहा, आणि ते एकाएकी बदलू नका. पण ती ताटली रोज जे हात ठेवतात, त्यांच्यापाशीही एकदा बसा, आणि त्यांनी आज काय खाल्लं ते विचारा. त्यांना खरं सांगता येईल, असं विचारा.